साडेदहा ते बारा

“सर, दाबा की ते बटण आता,” चहाचा कप टेबलावर ठेवत गिरजामावशी म्हणाल्या. “मघाशी तुम्हीच म्हणालात, परिषदेची साइट आज बाराच्या ठोक्याला बंद होणार.”

डॉक्टर उपासनी सरांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती. तीन वर्षं खपून लिहिलेला शोधनिबंध पडद्यावर तयार होता. चार हजार माणसांना प्रश्न विचारून त्यांनी सिद्ध केलं होतं, की शिक्षण वाढतं तशी अंधश्रद्धा कमी होते. विभागाच्या शिपाई गिरजामावशीही त्या चार हजारांत होत्या. चौथी पास, दर शुक्रवारी देवीचा उपवास. सरांनी त्यांना थेट ‘अंधश्रद्धाळू’ रकान्यात टाकलं होतं.

“शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो, मावशी. तो संपला की लगेच पाठवतो.”

“अहो, माझी देवी घेते सांभाळून. मागच्या शुक्रवारी चुकून बिस्कीट खाल्लं, तर काही बोलली नाही. ही साइट कुठली ऐकतेय?”

सर नुसतेच हसले. अडाणी माणसाशी काय वाद घालायचा!

काटा बाराच्या पुढे सरकला. सरांनी डोळे मिटून हात जोडले आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: मुदत संपली आहे.

मावशींनी गार झालेला चहा उचलला.

“बघितलंत, मावशी?” कपाळाला हात लावून सर म्हणाले. “राहुकाळात फाइल नुसती उघडून ठेवली, तरी केवढं नडलं!”