ठसा कोरणारा
मेक्सिकोत, दुरांगोतल्या बंडखोरांच्या टाकसाळीत घुसलेला सरकारी कॅप्टन भिंतीकडे पाठ करून दाढी करत होता. आरशाशेजारी ‘मरो जनरल’ छापलेला चांदीचा पेसो पडलेला. त्याचा ठसा कोणी कोरला हे न सांगणाऱ्या दोघांना भिंतीपाशी गोळ्या घालून झाल्या होत्या. “साहेब, मी शाळामास्तर,” तिसरा, एलादिओ, चाचरला. “मग लिहा की भिंतीवर स्वतःचं नाव, मास्तर!” कॅप्टन पाठमोराच म्हणाला. एलादिओनं कोळसा उचलला. शाळेचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं. बापानं अक्षरं शिकवली ती ठसे कोरतानाच, उलटी. ओघळतं रक्त चुकवत त्यानं नाव काढलं. शिपाई खिदळले, “काय गिचमिड केलीय मास्तरड्यानं!” आरशात बघणाऱ्या कॅप्टनचा वस्तरा मात्र थांबला. त्यानं एलादिओची मानगूट धरून तोंड आरशावर आपटलं. “बघ लेका, तुझी कारागिरी!” पिस्तूल कानशिलाला टेकलं. तडकलेल्या आरशात एलादिओला आपलं नाव जन्मात पहिल्यांदाच सुलट दिसलं.