पत्रीतली अळी

"अगं बाई, पत्री हलतेय," नणंद म्हणाली. मंगळागौरीला वाहिलेल्या पानांतून बोटाएवढी जाड हिरवी अळी वर आली होती. डोक्यामागे दोन निळे ठिपके, थेट डोळ्यांसारखे. कुंपणाच्या कण्हेरीची पानं मीच न बघता तोडून आणली होती.

लग्नानंतरची माझी ती पहिली मंगळागौर. माहेरी व्हायची, ती सासूबाईंनी सासरीच मांडली होती. दोन दिवस मला घास उतरत नव्हता. आता वर बोलणीही बसणार होती.

"चिमट्याने उचलून फेका," कोणीतरी म्हणालं.

"वाहिलेली पत्री हलवत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "असू दे. जागेल आपल्याबरोबर."

पहाटेपर्यंत आम्ही झिम्मा-फुगड्या खेळलो. अळीने एकाही पानाला, तोडलेल्या कण्हेरीच्याही, तोंड लावलं नाही.

सकाळी विसर्जनाआधी सासूबाईंनी तिला काडीवर घेतलं आणि मला कुंपणापाशी बोलावलं. कण्हेरीवर चढताच अळी पान कुरतडू लागली. आम्ही दोघी बघत राहिलो.

"आपल्या घरी कशी भूक लागते बघ," त्या म्हणाल्या. मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून हळूच म्हणाल्या, "तूही जा आजच माहेरी. हिचा हिरवा पतंग होईल, आणि तो कुठेही उडून जाईल. तू मात्र गणपतीच्या आत परत ये. एवढे मोदक मला एकटीला होत नाहीत."