आतली कडी

रुद्रेशच्या भयपटात सगळे मरून शेवटी एक बाईच जिवंत उरणार होती. एका चित्रपटात एवढा स्त्रीवाद पुरे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. चित्रीकरणासाठी त्याने उदगीरच्या गुरुपादप्पांचं घर तीन दिवस मागून घेतलं.

पहिल्याच प्रसंगात घोडं अडलं. नायिकेने पळत खोलीत शिरून आतून कडी लावायची होती. घरात एकाही खोलीला आतून कडी नव्हती. बाहेरून मात्र सगळ्यांना होती.

"आतून कशाला पायजे?" गुरुपादप्पा म्हणाले. "आमच्या घरातल्या बाया काय चोर हायेत?"

लातूरच्या आपल्या घरी आईच्या खोलीला कडी कुठून आहे, हे रुद्रेशला काही आठवेना.

शेवटी मधल्या खोलीला आतून एकच कडी बसवली, काम झालं की काढायची या अटीवर. अप्पांची बायको नागम्मा त्या कडीवरून दोनदा बोट फिरवून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुद्रेश पेचकस घेऊन कडी काढायला गेला, तर दार आतून बंद.

त्याने अंगणात माणसं मोजली. नायिका, कॅमेरावाला, अप्पा, नागम्मा, सगळे बाहेरच होते. खोलीला खिडकी नव्हती.

"कोण हाय आत?" अप्पांनी दार बडवलं.

नागम्मा चहाचे कप गोळा करत होती. "ऱ्हाऊ द्या जरा तिला," ती म्हणाली. "आत्ता कुठं कडी मिळालीय."

अप्पांनी दाराला खांदा लावला. तेव्हा आतून दुसरी कडी सरकल्याचा आवाज आला.

मग तिसरी.