बांधाचा चढ

“घसरण आहे. नाही कोण म्हणतंय?” वुब्बो मास्तरांनी छडीचं टोक भिंतीवरच्या आपल्या तक्त्यावर टेकवलं. “पण कडेलोट नाही.”

गावाच्या सभागृहात टाळ्या पडल्या. कॉफीचे पेले खाली ठेवून लोक टाळ्या वाजवत होते. मास्तरांच्या तक्त्यावरची रेघ डावीकडून उजवीकडे अगदी हलकेच उतरत होती. शेजारी नगरपालिकेचा तक्ता होता. तोही शाळेतल्या मुलांच्या संख्येचाच, त्याच वर्षांचा. पण त्याच्यावरची रेघ बोटीवरून कालव्यात नांगर सोडावा तशी खाली गेली होती.

“रेन्स्के, पोरी, तुझ्या ह्या उतारावरून माझी मेंढरं गडगडत समुद्रात जातील की!” मागून हार्म ओरडला. त्याची मेंढरं गावाच्या समुद्रबांधावर चरायची. हशा पिकला.

रेन्स्के हसली नाही. शाळा बंद करायचा प्रस्ताव घेऊन नगरपालिकेने तिला पाठवलं होतं. ती याच गावची, मास्तरांच्याच हाताखाली शिकलेली. आज गावाचा कौल घेऊन ती परत जायची होती. गाव एकमुखाने ‘बंद नको’ म्हणालं, तर शाळा टिकण्याची आशा होती. नाहीतर सुट्टीनंतर पोरं बसने शहरात जाणार आणि शाळेला कुलूप लागणार.

मास्तरांनी मोठ्या वर्गातली मुलं मुद्दाम पहिल्या रांगेत बसवली होती. शाळा जिवंत आहे, हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

त्या रांगेतून एक बोट वर झालं. फेन्नाचं. वर्गात ते बोट वर झालं की मास्तरांना बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

“मास्तर, दोन्ही रेघांचा चढ एकच आहे.”

“उतार म्हण गं, उतार!” हार्म म्हणाला.

“उतारालाही चढच म्हणतात, हार्मकाका. फक्त उणे लावायचं.” ती उठून भिंतीपाशी गेली. “इथे बघा. दोन वर्षं उजवीकडे, तीन मुलं खाली. आणि इथे? दोन वर्षं उजवीकडे, तीन मुलं खाली. ह्यांच्या तक्त्यावर एक चौकोन म्हणजे एक मूल. तुमच्यावर एक चौकोन म्हणजे दहा मुलं. एक कागद ताणलाय, एक दाबलाय. रेघ तीच आहे.”

कोणीतरी चष्मा लावून चौकोन मोजू लागलं.

हे सगळं तिला मास्तरांनीच शिकवलं होतं. ह्या सपाट मुलखात चढ दाखवायला बांधाशिवाय दुसरं आहे काय? दरवर्षी ते वर्गाला फळी आणि दोरी घेऊन तिथे न्यायचे. “गावातून बघा, बांध भिंतीसारखा उभा दिसतो,” ते सांगायचे. “माथ्यावरून बघा, गादीसारखा लोळायला बोलावतो. बांध तोच. डोळे लबाड असतात, पोरांनो. आडवं किती गेलात आणि तेवढ्यात वर किती चढलात, ते मोजा.” रेन्स्केच्या वर्गालाही हेच सांगितलं होतं. तेव्हा दोरीचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं.

“ओळखलं ना मी?” फेन्नाचा चेहरा फुलला होता. “तुम्ही मुद्दामच केलंत ना हे, मास्तर? आम्ही नुसतं बघतो की मोजतो, ते तपासायला?”

सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला.

“वा रे मास्तर! भर सभेत परीक्षा!” हार्मने मांडीवर थाप मारली. “मीसुद्धा नापास!”

आता नुसती मान हलवायची होती. गावाने हसून टाळ्या दिल्या असत्या, आणि कदाचित कौलही दिला असता. मास्तरांचे कान तापले. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पहिला तक्ता काढला होता. खरा. ती रेघ त्यांना बघवली नाही. तो कागद फाडून त्यांनी दुसरा घेतला, आणि उभ्या अक्षावर आकडे दाबून बसवले. पट्टी धरताना हात जरासुद्धा थरथरला नव्हता. तेच आता सगळ्यांत जास्त टोचत होतं.

फेन्ना शाबासकीची वाट बघत उभी होती.

“तुझं उत्तर बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. छडी त्यांनी टेबलावर ठेवून दिली. “पण ही परीक्षा नव्हती, फेन्ना. मला वाटलं होतं, कोणी मोजणार नाही.”

हार्मने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. फेन्ना एकदा मास्तरांकडे आणि एकदा तक्त्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात रेन्स्के उठली. भिंतीपाशी जाऊन ती आपल्या तक्त्याची चिकटपट्टी नखाने सोडवू लागली. वळून न बघताच ती म्हणाली,

“मलाही तसंच वाटलं होतं, मास्तर.”