पेटीचा पंचनामा

देवरावाची बदली अमरावतीहून अकोल्याला झाली. सगळे भाडे आधीच घेतलेल्या ट्रकवाल्याने सामान घरी पोचवलेच नाही. मूर्तिजापुरात आपल्या गोदामात उतरवून तो जास्तीचे पैसे मागू लागला. देवराव आणि मैना नव्या भाड्याच्या खोलीत सतरंजीवर झोपत होती.

घरमालक खुशालराव कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले होते. हे ऐकून त्यांनाच जास्त राग आला.

"दावा लावसान तर वर्षं जातीन," ते म्हणाले. "हा सरळ विश्वासघाताचा गुन्हा आहे. पोलीस घेऊन जाऊ. पंचांसमोर एकेक पेटी उघडाची, तुमी म्हनाचं हे माह्यं, की झालं. त्याच्या बापाले बी सामान द्या लागते."

"पंच कोन राहीन, भाऊ?" मैनाने विचारले.

"मी राह्यतो ना, वहिनी. मानूस आपल्यातला आहे, त्याच्यासाठी इतकं बी नाई करा लागत का?"

मैनाने नवऱ्याकडे पाहिले. तो सतरंजीचा एक सुटलेला दोरा ओढत बसला होता.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "मागते तेवढे देऊन टाकतो त्याले."

"काहून? कायदा तुमच्या बाजूनं आहे ना."

 

खोली मिळावी म्हणून त्यांनी आपण कुणबी असल्याचे सांगितले होते, आणि मोठ्या पेटीत सगळ्यात वर बुद्धाची मूर्ती होती.