ओरिजिनल की डुप्लिकेट

मनमाडला रेल्वेत नोकरी करणारा हर्षल आईवडिलांबरोबर नाशिकला तेजलला बघायला आला, आणि बघताक्षणीच ती त्याला आवडली. तेवढ्यात त्याला शोकेसमध्ये सिनेमातल्या अंतराळवीराची वीतभर ॲक्शन फिगर दिसली. अशा फिगर जमवायचा त्याला कॉलेजपासून नाद. तो सगळ्यांना विसरून उठलाच.

"तुम्हाला यातलं कळतं?" तेजलने एकदम विचारलं. "मग नीट बघून सांगा ना. एका मित्राने वाढदिवसाला दिली होती, ओरिजिनल आहे म्हणून. पप्पा म्हणतात, फुटपाथवरचा माल आहे, तुला फसवलं त्याने."

तिचे वडील, झुंबरराव, जोरात खोकले. पण हर्षलचं लक्ष होतं कुठे? त्याने मोबाईलचा टॉर्च लावला, फिगरचे गुडघे, कोपरं, बोटं एकेक करून वळवून पाहिली, डोळ्यांचा रंग निरखला, तळपायावरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तपासला. आज आपली छाप पडणार याबद्दल त्याला शंकाच उरली नाही.

"शंभर टक्के ओरिजिनल!" तो म्हणाला. "अशा पाचशेच निघाल्या होत्या. देणाऱ्याने जिवापाड मेहनत करून शोधलेली दिसतेय."

तेजलचे डोळे भरून आले. "थँक्यू," म्हणत ती फोन घेऊन गॅलरीत पळाली. "आयुष, सॉरी रे, माझंच चुकलं," एवढं हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू आलं.



झुंबररावांनी कपाळाला हात लावला. "अहो, जावई होणार होतात! एकदा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"