तिरकी अक्षरं

“सरळ टाईप नको, विष्णूपंत. तो तिरका लावा. संस्थानच्या वेळी दरबारची निमंत्रणं ज्यात निघायची, तो,” भय्यासाहेब म्हणाले.

त्यांच्या धाकट्या मुलीचं, जयूचं, लग्न ठरलं होतं आणि माधव नगरातल्या बड्या मंडळींना पत्रिका इंग्रजीतच जायला हवी होती. संस्थान गेलं, परवा-परवा मध्यभारत राज्यही गेलं. भय्यासाहेबांची ऐट तेवढी जागच्या जागी होती.

विष्णूपंतांना छापखान्यातला तो टाईपाचा खण उघडायला निमित्तच हवं होतं. टाईप होताच तसा देखणा. अक्षराचं अंग भरदार, आणि वळण आलं की रेघ केसाएवढी बारीक. जरा दाब जास्त पडला की तुटलीच म्हणून समजा. विष्णूपंतांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. समोरच्या कागदावरचं रूप बघायचं आणि त्या अक्षराचा खिळा उचलायचा, बस्स. सगळी उमर त्यातच गेली होती.

“मुलगा कसा मिळाला?” त्यांनी विचारलं.

“एकदम होतकरू. सरकारी नोकरी. म्हणतो धूमधाम नको, लवकर उरकून टाका. मी म्हटलं, पत्रिका तरी झोकात निघू दे.”

“नशीब काढलं पोरीनं,” विष्णूपंत म्हणाले.

त्यांची दुर्गा लग्न होऊन माहेरीच बसली होती. राजधानी भोपाळला झाली, जावयाचं दफ्तर तिकडे हललं. ‘क्वार्टर मिळालं की घेऊन जातो,’ असं सांगून गेला तो गेलाच. संक्रांत गेली, होळी गेली. मोहल्ल्यातल्या बायकांनी आता विचारणंही सोडलं होतं, आणि मेल्यांचं ते न विचारणंच जास्त लागायचं.

दुपारी विष्णूपंत जेवायला आले ते ओलं प्रूफ घेऊनच. दुर्गा मिडलपर्यंत इंग्रजी शिकलेली. इंग्रजी प्रूफं तीच तपासायची.

“मोठ्यानं वाच बाई. चूक राहिली तर भय्यासाहेब मला कच्चा खातील.”

तिनं हात पुसले, कागद उजेडात धरला. “किती सुंदर आलंय हो बाबा.”

“तुला बोलावणं येऊ दे. जावयांच्या नावाची पट्टी ह्याच अक्षरात काढून देतो. क्वार्टरच्या दारावर लाव.”

दुर्गा हसली आणि वाचू लागली. भय्यासाहेबांचं नाव बरोबर होतं. बाईसाहेबांचं बरोबर होतं. जयूचंही. मग ती थांबली.

“का गं? माझं काही चुकलं?”

“नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बरोबर आहे.”

“मग वाच की नवऱ्या मुलाचं नाव.”

दुर्गेनं कागद पाटावर ठेवला.

“बाबा, हे नाव मला घेता येत नाही.”